भट्टी आणि संगणक : भांडणातल्या पाट्यांची अदलाबदल

नोव्हेंबर २०२३मध्ये दोन बातम्या बरोबरच आल्या आणि धातुशास्त्रातलं एक जुनं भांडण पुन्हा उकरून निघालं. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी संगणकाकडून सुमारे २२ लाख नव्या स्फटिकरचना काढून घेतल्या आणि त्यांतल्या ३ लाख ८० हजार टिकाऊ ठरतील असं जाहीर केलं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने माणसाचा हात न लागता चालणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेत १७ दिवसांत ४१ नवे पदार्थ बनवल्याचा दावा केला. तेव्हापासून दोन तट पडलेत. एक म्हणतो, भट्ट्या, मुशी, नमुने घासत बसणं हे सगळं आता मोडीत निघणार; मिश्रधातू आधी पडद्यावर जन्माला येईल, मग कारखान्यात. दुसरा म्हणतो, धातू कळतो तो हाताला चटके बसल्यावरच. या आकडेमोडवाल्यांनी जन्मात कधी वितळलेलं लोखंड जवळून पाहिलेलं नाही. माझ्या मते दोघांनीही आपापल्या दारावर चुकीची पाटी लावली आहे. आज ‘सिद्धांत’ म्हणून जे मिरवलं जातंय ते बरंचसं संगणकावरचं चाचपडणं आहे, आणि ‘नुसते प्रयोग’ म्हणून ज्याला हिणवलं जातंय त्यात कित्येकदा मुरलेला सिद्धांत आहे. पाट्यांची ही अदलाबदल लक्षात घेतल्याशिवाय या वादात काही हाती लागणार नाही.

आधी भट्टीवाल्यांची बाजू घेऊ, कारण इतिहास वरवर पाहता त्यांच्याच पदरात माप टाकतो. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला १९१३ साली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत असं पोलाद हवं होतं; हाती लागलं ते न गंजणारं पोलाद. त्याहून बोलका किस्सा आल्फ्रेड विल्मचा. बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग इथे त्याला काडतुसांच्या पितळेला पर्याय शोधायचा होता. १९०६ साली त्याने अल्युमिनिअममध्ये सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडंसं मॅग्नेशिअम घातलं, पोलादाला देतात तसं तापवून पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवून झटकन थंड केलं, आणि कठीणपणा मोजायला घेतला. तो शनिवार होता. आकडा काही खास नव्हता. उरलेलं मोजमाप सोमवारी झालं, तर तोच तुकडा, कोणी हातही न लावता, बराच कठीण झालेला. याला त्या काळच्या कुठल्याही सिद्धांतात जागा नव्हती. त्यातून ड्यूरॅल्युमिन आलं, त्याचे सांगाडे पहिल्या महायुद्धात झेपेलिन या हवाई जहाजांमध्ये बसले, विमानं धातूची झाली. कोणी आधी कागदावर मांडलं होतं का हे? नाही. मग सिद्धांताची गरजच काय, असं भट्टीवाला विचारतो आणि इथेच थांबतो.

पण गोष्ट इथे थांबत नाही. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानाच्या इंजिनाचं आवरण अल्युमिनिअम आणि तांब्याचं ओतकाम होतं. नव्वदच्या दशकात त्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा ज्या अतिसूक्ष्म घडणीमुळे विल्मचा धातू कठीण झाला होता तीच त्यातही सापडली. म्हणजे निसर्गाने तो प्रयोग विल्मच्या तीन वर्षं आधी करून, चक्क हवेत उडवून दाखवला होता. कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण तसा प्रश्न कोणाच्या डोक्यात नव्हता. विल्मच्या शोधानंतरही बारा-तेरा वर्षं हा एका मिश्रधातूचा चमत्कारच राहिला. लोक पाककृती वापरत होते, कारण ठाऊक नव्हतं. १९१९ साली वॉशिंग्टनच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट यांनी ते मांडलं. गरम अल्युमिनिअममध्ये जितकं तांबं विरघळतं तितकं थंड अल्युमिनिअममध्ये मावत नाही. पाणी दिल्यावर जास्तीचं तांबं आत कोंडलं जातं आणि मग हळूहळू, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने बाहेर पडू लागतं. हे कण त्यांना कोणत्याही सूक्ष्मदर्शकात दिसले नव्हते. तरीही त्यांच्या म्हणण्यातून सरळ एक नियम निघत होता : तापमान उतरलं की विद्राव्यता घटते अशा जोड्या फेज डायग्राममध्ये (कोणत्या तापमानाला कशात काय किती विरघळतं त्याच्या नकाशात) शोधा, त्याही अशाच कठीण होतील. आणि पुढच्या काळात तांबं, निकेल, मॅग्नेशिअम अशा कितीतरी धातूंच्या मिश्रणांत ते खरं ठरलं. विल्मच्या सोमवारने एक मिश्रधातू दिला. मेरिकाच्या तर्काने मिश्रधातू कुठे शोधायचे ते दिलं. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांना न विचारता, क्ष-किरणांच्या साह्याने ते कण, म्हणजे तांब्याच्या चकत्या, पकडले. जाडी जेमतेम एक-दोन अणूंची.

तरी एक खडा दाताखाली राहिलाच होता, आणि मला या सगळ्या कथेत तोच सर्वांत मोलाचा वाटतो. अल्युमिनिअममध्ये तांब्याचे अणू किती वेगाने सरकतात हे जास्त तापमानाला मोजता येतं. त्यावरून खोलीच्या तापमानाचा हिशेब केला तर विल्मच्या तुकड्याला कठीण व्हायला शनिवार ते सोमवार सोडाच, माणसाचं आयुष्य पुरलं नसतं. मग अणू इतक्या झपाट्याने हलले कसे? याचं उत्तर आलं डेट्रॉइटमधून, अगदी भलत्याच प्रश्नाच्या पोटातून. अर्नेस्ट किर्केंडॉलने पितळेच्या ठोकळ्यावर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या, वरून तांब्याचा जाड थर चढवला आणि ठोकळा ७८५ अंश सेल्सिअसला दिवसेंदिवस भट्टीत ठेवला. मॉलिब्डेनम तांब्यात किंवा पितळेत विरघळत नाही, म्हणजे तारा जागच्या जागी राहायला हव्या होत्या. त्या काळी सर्वमान्य समज असा की शेजारचे दोन अणू एकमेकांशी जागा बदलतात. जितकं जस्त बाहेर जाणार तितकंच तांबं आत येणार. पण समोरासमोरच्या तारा एकमेकींच्या जवळ सरकल्या. म्हणजे जस्त जास्त वेगाने बाहेर पडत होतं, आणि ते तेव्हाच शक्य होतं जेव्हा अणू शेजाऱ्याशी अदलाबदल न करता स्फटिकातल्या रिकाम्या जागांत उड्या मारत असतील. स्मिगेल्स्कासबरोबरचा हा शोधनिबंध १९४७ साली आला. एकदा रिकाम्या जागा मान्य केल्या की विल्मचं कोडंही सुटतं : तापवलेल्या धातूत अशा जागा पुष्कळ असतात, पाणी दिल्यावर त्या आत गोठतात आणि त्यांच्या आधाराने तांबं कित्येक पटींनी वेगात फिरतं.

किर्केंडॉलचं स्वागत मात्र झालं नाही. विसरणशास्त्रात, म्हणजे अणूंच्या सरकण्याच्या अभ्यासात, त्या वेळी ज्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्या पिट्सबर्गच्या रॉबर्ट मेल यांनी निकालावर कडक आक्षेप घेतले. इथे सिद्धांताच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे आणि भट्टीवाले ती संधी सोडत नाहीत. पण मेल यांची शंका निराधार नव्हती. तारांचं सरकणं अगदी थोडं होतं. पितळातून जस्त उडून जातं, थर चढवताना फटी राहतात. यांपैकी कशानेही तारा हलल्यासारख्या दिसू शकतात. ज्या कल्पनेवर वीस-पंचवीस वर्षं मोजमापं बसत आली ती एका ठोकळ्यापायी टाकून द्यायची का? मेल यांनी दा सिल्व्हा या सहकाऱ्याबरोबर निरनिराळ्या धातूंच्या जोड्या घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, तारा पुन्हा सरकल्या, आणि १९५१ साली ते स्वतःच्या नावाने छापलं. सिद्धांत हट्टी असणं हा गुन्हा नव्हे. तो इतका नेमका असावा लागतो की तारेच्या केसभर सरकण्याने त्याचा पराभव होऊ शकेल. ‘अणू इकडून तिकडे कसेतरी जातात’ एवढंच कोणी म्हटलं असतं, तर किर्केंडॉलच्या तारा कितीही सरकल्या तरी कोणाचं काय बिघडलं असतं?

याची उलट बाजू आपल्याच पोलादाच्या इतिहासात आहे. दक्षिण भारतात मुशीत बनणाऱ्या ‘वूट्झ’ पोलादाचं कोडं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मायकल फॅरडेने हाती घेतलं. त्याच्याहून कसबी प्रयोगकर्ता त्या काळात शोधूनही सापडला नसता. त्याने वूट्झचं रासायनिक पृथक्करण केलं, त्यात अल्युमिना आणि सिलिका दिसली, आणि गुण त्यांचाच असणार असं धरून चालला. पुढे स्टोडार्टबरोबर चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडिअम असं काय काय पोलादात घालून पाहिलं. मिश्रपोलादांच्या इतिहासात त्या कामाला मान आहे, पण वूट्झ काही त्याच्या हाती आलं नाही. त्याच्याजवळ एकच प्रश्न होता : यात आहे काय? ते घटक कशा मांडणीत आहेत आणि ती मांडणी कोणत्या तापवण्या-ठोकण्यातून आली, हा प्रश्न विचारायची भाषाच नव्हती. पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली घासून-खरवडून पाहण्याची रीत सॉर्बीने शेफील्डमध्ये आणली ती १८६०च्या दशकात. वूट्झच्या पात्यावरची नक्षी कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाच्या) पट्ट्यांची असते, आणि व्हॅनेडिअमसारख्या धातूचा अत्यल्प अंश व पुन्हा पुन्हा तापवून ठोकणं यांतून ती उमटते, हे व्हर्होवेन आणि पेंड्रे यांनी दाखवलं तेव्हा विसावं शतक सरत आलं होतं. फॅरडेचे हात कमी पडले नाहीत.

आता संगणकवाल्यांकडे. त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा हा की शक्यता अफाट आहेत. वापरण्याजोगी साठ मूलद्रव्यं धरली आणि त्यांतली पाच-पाच निवडली तर सुमारे ५४ लाख ६१ हजार निवडी होतात, तेही प्रमाणं आणि तापवण्याचे प्रकार न धरता. एवढ्या हीट (एकेका वेळी वितळवायच्या खेपा) कोणती भट्टी घेणार? शिवाय त्यांच्या आकडेमोडीचा पाया तकलादू नाही. १९६४-६५मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढण्याची जी वाट दाखवली, ती भौतिकशास्त्राची मोठी कमाई आहे. आणि सिद्धांताने आधी सांगितलं, भट्टीने नंतर मान डोलावली, अशी उदाहरणं धातुशास्त्रात खरोखर आहेत. केंब्रिजमध्ये हॅरी भदेशिया, फ्रान्सिस्का काबायेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिशेब केला की भरपूर कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास सिलिकॉन असलेलं पोलाद २०० अंश सेल्सिअसच्या जवळपास, कित्येक दिवस धीर धरून ठेवलं, तर त्यात बेनाइटच्या (पोलादातल्या एका सूक्ष्म पट्टेदार घडणीच्या) वीस ते चाळीस नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या तयार होतील. इतक्या कमी तापमानाला बेनाइट करायला कोण धजलं असतं? त्यांनी करून पाहिलं. पट्ट्या आल्या, आणि पोलादाची ताकद दोन गिगापास्कलच्या वर गेली.

पण या उदाहरणाकडे नीट पाहा. बेनाइट नेमकं कसं जन्मतं यावर अनेक दशकं कडाक्याचा वाद चालला होता. भदेशियांच्या गटाची त्यात ठाम बाजू होती आणि त्या बाजूवर भिस्त ठेवून त्यांनी तापमान, वेळ आणि रसायन सांगितलं. चुकले असते तर चारचौघांत चुकले असते. लाखो रचनांची यादी काढण्यात अशी भिस्त कुठे आहे? तिथे ‘हे का’ असा प्रश्न क्वचितच असतो. एकेक रचना घ्यायची, ऊर्जा काढायची, कमी निघाली तर ठेवायची. विल्मने जे शेगडीवर केलं तेच हे, फक्त लाख पटींनी वेगात, आणि सोमवारी दचकण्याची सोय नसलेलं. यादी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तिला सिद्धांताचा विजय म्हणू नका, एवढंच. पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला असं नव्हे.

बर्कलीच्या ४१ पदार्थांचं पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. काही आठवड्यांतच लंडनचे रॉबर्ट पॅलग्रेव्ह आणि प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप यांनी सहकाऱ्यांसह आकडे तपासले आणि सांगितलं की यात खरोखर नवं असं काही दिसत नाही. बरेचसे पदार्थ आधीच माहीत असलेल्या संयुगांची अव्यवस्थित रूपं आहेत. हिशेबात प्रत्येक अणू आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसलेला होता. प्रत्यक्षात दोन प्रकारचे अणू खुर्च्या कशाही अदलून बसले होते, आणि क्ष-किरणांचा आलेख वाचणाऱ्या यंत्रणेला तो फरक कळला नाही. बर्कलीच्या गटाने आपली बाजू मांडली, वाद पूर्ण मिटलेला नाही. पण ही अव्यवस्था म्हणजे किरकोळ तपशील नव्हे; मिश्रधातूंचं अर्धं शास्त्र तिथेच राहतं.

आकडा जुळला की सिद्धांत बरोबर, या समजुतीलाही धातुशास्त्राने एकदा चांगलाच हात दाखवला आहे. ऑक्सफर्डच्या ह्यूम-रॉदरीने विसाच्या दशकात पाहिलं की तांब्यासारख्या धातूत जस्त वाढवत नेलं की दर अणूमागे इलेक्ट्रॉनांची ठरावीक सरासरी गाठल्यावर स्फटिकाची रचना बदलते. पुढच्या दशकात हॅरी जोन्सने क्वांटम सिद्धांतातून त्याचं स्पष्टीकरण दिलं आणि १.३६ व १.४८ असे आकडे काढले. प्रयोगाशी ते सुरेख जुळत होते, पाठ्यपुस्तकांत गेले. १९५७ साली पिपर्डने शुद्ध तांब्यातल्या इलेक्ट्रॉनांचा फर्मी पृष्ठभाग, म्हणजे त्यांच्या ऊर्जेची वरची हद्द दाखवणारा काल्पनिक पृष्ठभाग, प्रत्यक्ष मोजला. जोन्सने तो गोल धरला होता आणि जस्त पुरेसं वाढल्यावरच तो विशिष्ट सीमेला टेकतो असं मानलं होतं. तो निघाला आठ ठिकाणी माना काढून त्या सीमेला आधीच टेकलेला, जस्ताचा एक कणही नसताना. उत्तर बरोबर, रीत चूक. आजच्या शिकवलेल्या यंत्रांबद्दल ‘अहो, पण आकडे जुळतात ना’ असं कोणी म्हटलं की मला हे १.३६ आठवतं.

दोन्ही तट ज्याला बगल देतात ती गोष्ट अशी की धातूचे गुण त्याच्या रसायनात जेवढे असतात त्याहून अधिक त्याच्यावर काय काय गुदरलं त्यात असतात. टिकाऊ रचनेचा हिशेब धातूला शेवटी कुठे पोचायचं आहे ते सांगतो. आपण वापरतो ते जवळपास सगळे धातू वाटेत अडवलेले असतात. पाणी दिलेलं पोलाद ही अडवलेली अवस्था, विल्मचा तुकडा ही अडवलेली अवस्था. ही अक्कल कुठे पाहायची असेल तर कोल्हापूरजवळ शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बिडाची हीट काढताना पाहावी. साचे भरण्याआधी एक चमचा रस पाचरीच्या आकाराच्या छोट्या साच्यात ओततात, गोठला की लालभडक असतानाच काढून पाण्यात टाकतात आणि हातोड्याने मोडतात. पाचरीचं टोक पातळ, म्हणून तिथे रस झपाट्याने थंड होतो आणि कार्बन लोखंडाशी बांधला जाऊन तुटीचा रंग पांढरा दिसतो. जाड बाजूला तो सावकाश ग्राफाइट होऊन सुटतो, रंग करडा. पांढरा पट्टा किती रुंद आला ते पाहून किती फेरोसिलिकॉन टाकायचं ते ठरतं. ही पाचर मोडणाऱ्या कामगाराला कोणी सिद्धांतकार म्हणणार नाही. पण थंड होण्याचा वेग हाच मुख्य चल आहे, आणि एकाच तुकड्यात सगळे वेग एकदम तपासता येतात, ही मांडणी ज्याने त्या पाचरीत भरली त्याने कुठल्याही शोधनिबंधाइतका विचार केला होता. ‘अनुभव’ म्हणून आपण त्याची बोळवण करतो.

आणि चाचणीच्या तुकड्यालाही भूतकाळ असतो, हे विसरल्याची किंमत कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांनी मोजली. ते बनवणाऱ्या डी हॅविलंड कंपनीने विमानाच्या धडाचा भाग आधी नेहमीच्या दुप्पट दाबाला तपासला आणि मग त्याच भागावर दाब चढवण्या-उतरवण्याची हजारो चक्रं घेतली. भाग टिकला. जानेवारी १९५४मध्ये एल्बा बेटाजवळ एक विमान १,२९० उड्डाणांनंतर फुटलं, एप्रिलमध्ये नेपल्सच्या दक्षिणेला दुसरं, ९०० उड्डाणांनंतर. प्रयोगात लबाडी नव्हती. पण सुरुवातीच्या त्या दुप्पट दाबाने खिडक्यांसारख्या कापांच्या कोपऱ्यांपाशी धातू किंचित कायमचा ताणला गेला होता आणि दाब उतरल्यावर तिथे उलटा, आवळणारा ताण अडकून राहिला होता. तडा उघडायला तोच आडवा येत होता. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना असं कवच मिळालेलं नव्हतं. ‘आम्ही करून पाहिलं आहे’ या वाक्याइतकं निश्चिंत करणारं दुसरं वाक्य अभियांत्रिकीत नसेल.

म्हणून ‘सिद्धांत आणि प्रयोग दोन्ही लागतात’ हा समारंभी तोडगा मला पटत नाही. दोन्ही वाईट पद्धतीनेही एकत्र नांदू शकतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत ती नांदताना दिसतात : चार तापमानं, तीन कालावधी, बारा नमुने, कठीणपणाचा एक आलेख, शेजारी सॉफ्टवेअरमधून काढलेला दुसरा आलेख, दोन्ही ‘समाधानकारक जुळतात’, पदवी मिळते. संगणक स्वस्त आणि भट्टी, सूक्ष्मदर्शक महाग, म्हणून लहान महाविद्यालयातला विद्यार्थी आकडेमोडीकडे वळतो, यात त्याचा दोष नाही. पण तोंडी परीक्षेत त्याला एक प्रश्न हमखास विचारला जावा : काय दिसलं असतं म्हणजे तू तुझं म्हणणं मागे घेतलं असतंस? भट्टीवाल्यालाही हाच प्रश्न. ‘काहीही दिसलं तरी चाललं असतं’ असं उत्तर निघालं तर काम सिद्धांताचं की प्रयोगाचं, हा भेद करण्यात अर्थ नाही.

आणि संगणकाला खरोखर काही शिकवायचंच असेल तर त्याला फसलेल्या हीट हव्यात. शोधनिबंधांत जमलेले मिश्रधातू छापले जातात. रसायन दोन दशांश चिन्हांपर्यंत, आणि थंड कसं केलं तिथे ‘हवेत’ एवढा एक शब्द. कोणत्या दिवशी वाळूत ओल होती, रस लेडलमध्ये (ओतायच्या बादलीत) किती वेळ थांबला, कुठली खेप रिजेक्शनला गेली, हे सगळं फौंड्र्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षं लिहिलं जातं आणि वही भरली की रद्दीत जातं. त्या वह्या मागायला कोणी आकडेमोडवाला फौंड्रीच्या दारात गेल्याचं फारसं ऐकिवात नाही. गेलाच, तर आपलं रिजेक्शन परक्याला दाखवायला मालक तयार होईल का, हा पुढचा पेच.